गोळीखालची चकती

१२ जुलै २०२५, शनिवार

कॉर्नफ्लेक्सचा खोका साफ नापास!

सकाळी शेजारच्या नेव्हिलबरोबर ट्रेंटहॅमच्या नेमबाजीच्या रेंजवर. थंडी अशी की बुटात बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. नेव्हिलने दहा बार काढले, त्यातले दोन कागदावर लागले. बाकीच्या गोळ्या कुठे गेल्या ते मागच्या डोंगराला ठाऊक. गोळीबार थांबला, पुढे जायची परवानगी मिळाली, तशी मी ओल्या गवतात वाकून त्या खोक्यातून कापलेल्या चकत्या शोधत फिरले. चार सापडल्या. मधोमध जळून भोक पडलेलं, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या.

नेव्हिलने एक तळहातावर घेतली, उलटसुलट केली. म्हणाला, "येह... नाह." त्याच्या भाषेत याचा अर्थ नाही.

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच कळायचं नाही. त्याची रायफल आजोबांच्या वेळची. तिचं काडतूस म्हणजे पितळेची नळकांडी, आत काळी दारू. दारूवर एक गोल चकती, तिला हे लोक वॅड म्हणतात. चकतीवर शिशाची गोळी, आणि गोळीला पातळ सुती कागदाचे दोन वेढे. शिसं नळीला घासू नये म्हणून कागद. आगीने गोळीचं बूड वितळू नये म्हणून चकती. गोळी बाहेर पडली की कागदाच्या चिंध्या व्हायला हव्यात आणि चकती मागे पडायला हवी. एवढंच! आणि नेमकं एवढंच जमत नाहीये.

त्याच्याकडे पुठ्ठ्याची एक गुंडाळी होती. इंजिनाच्या गॅस्केटचा पुठ्ठा. वर्षानुवर्षं पुरली. मार्चमध्ये संपली, आणि तो पुठ्ठा बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली.

१३ जुलै

डायनिंग टेबलावर चकत्या पाडायचा पंच आणि हातोडी. जगदीश म्हणाला, "आशा, हे घर आहे की कारखाना?"

मग स्वतःच खुर्ची ओढून बसला आणि चकत्या मोजायला लागला. नवरा चांगला आहे माझा.

१६ जुलै

आज दिवसभर पाऊस. घरीच.

मे महिन्यातली ती सकाळ आठवत होते. नेव्हिल मागच्या दारी उभा. हातात बिस्किटांचा जुना डबा, आणि डबा खुळखुळतोय. आधी वाटलं आत काही हलतंय. मग दिसलं—हलत होते ते त्याचे हात.

म्हणाला, "आशा, तुझे हात मला उसने देशील?"

कागद गुंडाळताच येत नाही म्हणे आता. ऑक्टोबरात काळ्या दारूच्या रायफलींची स्पर्धा आहे, तेवढी एक शेवटची करायची आहे. मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलंस? "त्यात दाखवायचं काय? बाबांना पार्किन्सन्स होता. आता माझी पाळी." विषय संपला. शाळेत गणित शिकवायचा तो, तसंच फळा पुसल्यासारखं बोलतो.

नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. गेल्या वर्षी जगदीशची बायपास झाली तेव्हा हाच माणूस हॉस्पिटलच्या त्या हिरव्या खुर्च्यांवर माझ्याशेजारी बसून होता. थर्मासमधून चहा ओतून देत होता. धीराचा एक शब्द बोलला नाही. फक्त चहा. नंतर दोन महिने आमचं लॉन त्याने कापलं, फायरप्लेसची लाकडं फोडून रचून ठेवली. मी आभार मानले की म्हणायचा, "स्वीट ॲज," म्हणजे त्यात काय एवढं, आणि कुंपणाकडे चालू लागायचा.

तेव्हा त्याचे हात स्थिर होते. आत्ता लिहिताना लक्षात आलं.

(लिहिताना मी त्याला एकेरीच लिहिते. नागपूरला असते तर ऐंशीच्या माणसाला अहो-जाहो केलं असतं. पण इंग्रजीत तो पहिल्या दिवसापासून नुसता नेव्हिल. आता ते "तो" तोंडात मायेने बसलंय.)

१९ जुलै

सासूबाईंचा, म्हणजे कलावतीबाईंचा, नागपूरहून फोन. जगदीशने बोलता बोलता सांगून टाकलं!

"काहून गं आशा, बंदूक? आपल्या घरात? रोज पंचशील म्हणता ना तुम्ही?"

म्हटलं, आई, बंदूक घरात नाही. नेव्हिलच्या घरी तिजोरीत कुलपात असते, परवाना त्याचा. मी नुसता पुठ्ठा कापते आणि कागद गुंडाळते. आणि तो कागदावर नेम धरतो, जिवावर नाही. सशावरसुद्धा नाही.

मग, "त्या म्हाताऱ्याची बायको वारली ना?" हो, जोनला जाऊन तीन वर्षं झाली. "मग जेवायला बोलवत जा त्याले."

कलावतीबाईंनी निकाल दिला. अपील नाही.

२३ जुलै

फेल्ट. ऑप शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, एक लोकरी हॅट आणली. बाईंनी विचारलं, घालून बघायचीय का? म्हटलं, नको, कापायचीय. त्यांचा चेहरा!

हॅटच्या चकत्या मेण आणि तेलात भिजवायच्या. नेव्हिल मटणाची चरबी घालतो. माझ्या स्वयंपाकघरात ते होणार नाही, म्हणून खोबरेल घातलं. इथल्या थंडीत खोबरेल दगड होऊन बसतं, ते पहिल्यांदाच कामाला आलं.

२६ जुलै, शनिवार

फेल्टने फसवलं. चकती जळाली नाही, अगदी गोल गरगरीत बाहेर पडली—पण काही गोळीच्या बुडाला चिकटूनच गेल्या! टार्गेटच्या कागदावर भोकं आडवीतिडवी. चकती चिकटली की गोळी डुलते. नेव्हिल म्हणाला, "दारुड्यासारखी जाते."

आज चिडचिड फार केली त्याने. ट्रेव्हरवर ओरडला. ट्रेव्हर म्हणजे रेंजवरचा त्याचा जुना मित्र, गरीब गाय. कारण काही नव्हतंच. येताना गाडीत म्हणाला, "हल्ली माझा मीच मला आवडत नाही."

मी हीटर थोडा वाढवला.

३० जुलै

कॉर्क. भुगा झाला. पुढे.

२ ऑगस्ट

आज प्लास्टिक. दुधाच्या दोन लिटरच्या बाटलीच्या चकत्या. नेव्हिल तोंड फिरवून बसला होता. शेवटी माझ्यासाठी म्हणून पाच बार काढले.

आतापर्यंतचे सगळ्यात चांगले पाच!

मी दुर्बिणीतून बघून ओरडलेच. अठरा वर्षं मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये काँक्रीट दाबून फोडलंय. आकडा जे सांगतो ते मान्य करायचं, एवढं तर शिकले आहे. म्हटलं, नेव्हिल, झालं, सापडलं. तो रायफलीच्या नळीत कापड फिरवत होता. आत प्लास्टिकचा चट्टा होता, नखाएवढा. तो त्याने मला दाखवला.

"माझ्या आजोबांनी ही रायफल बोटीवरून आणली. दुधाची बाटली तिच्यात जाणार नाही."

चिडले मी. आकड्यांपुढे आजोबा कसले! घरी आल्यावर जगदीशला सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "तू तरी आईच्या पितळी डब्यात चहापूड सोडून दुसरं काही ठेवू देतेस का?"

बरं. प्लास्टिक बाद.

९ ऑगस्ट

सानिकाचा फोन. तिला कळलं. बापलेकीत काही म्हणून लपत नाही.

"मम, सीरियसली? गन्स?"

मी समजावू लागले—गन्स नाही गं, कागद, पुठ्ठा, नेव्हिलचे हात... मध्येच तोडलं तिने. "यू नो व्हेअर आय वॉज." आणि फोन ठेवला.

माहीत आहे बाळा. २०१९ चा मार्च. ख्राइस्टचर्चला युनिव्हर्सिटीत जाऊन तिला जेमतेम महिना झालेला. वर्गाची दारं बंद, दिवे बंद, सगळी मुलं जमिनीवर. थोड्याच अंतरावर मशिदीतल्या गोळीबारात काय झालं ते तिला तिथे फोनवर कळत होतं आणि मला इथे टीव्हीवर. ती कुजबुजत होती, "मम, डोन्ट हँग अप," आणि मी फोन कानाला घट्ट दाबून उभी. कितीतरी वेळ दोघी नुसता श्वास ऐकत होतो.

शिकून झाल्यावरही ती तिथेच राहिली. रिकार्टनला घर, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी. धीट आहे माझी पोर.

तिचं बरोबर आहे. माझंही चूक नाही. दोन्ही गोष्टी एकाच घरात राहतील, तसं राहायचं.

१० ऑगस्ट

आज पंच हातात घेतला नाही.

१५ ऑगस्ट

नेव्हिल विचारायला आला—"थांबवायचं का?" सानिकाबद्दल जगदीशने कुंपणावरून सांगितलं असणार.

म्हणाला, "ती सहा वर्षांची असताना तिला सायकल मी शिकवली. ती जे म्हणेल त्याला मी नाही म्हणणार नाही."

मी म्हटलं, तिने थांब म्हटलं नाहीये. तिने फक्त दुखतंय म्हणून सांगितलंय. ऑक्टोबरपर्यंत करू, मग बघू.

त्याने मान हलवली. जेवायला थांब म्हटलं तर थांबला, पण वरणभात नुसता चिवडला. पूर्वी लोणचं मागून खायचा. पोटात दुखतं म्हणाला. वय.

२४ ऑगस्ट, रविवार

सापडलं बहुतेक!! पण अजून बार काढलेला नाही, उगाच उड्या नकोत.

सानिकाच्या पदवीचा फोटो दोन वर्षं कपाटात पडून होता. तो फ्रेम करायला मेन स्ट्रीटवरच्या दुकानात नेला. (मनात म्हटलं, रागावली आहे तर निदान भिंतीवर हसू दे.) दुकानातल्या बाई फोटोभोवतीचा पांढरा जाड पुठ्ठा कापत होत्या. मध्ये फोटोपुरती खिडकी कापतात आणि कापलेला चौकोन सरळ टोपलीत टाकतात. मी तो उचलला. दाबला. वाकवला. लॅबची बोटं अजून मेलेली नाहीत—थर सुटत नाहीत, चकाकी नाही, गोंदाचा वास नाही. विचारलं, हे काय असतं? "शंभर टक्के सुती. जन्मभर पिवळं पडत नाही."

सुती! गोळीवरचा कागद सुती, तर खालची चकतीही सुती का नको?

टोपलीतलं नेऊ का विचारलं. "टेक हीप्स," म्हणाल्या. पिशवीभर दिलं. वर विचारलं, कशाला हवंय? मी म्हटलं, शेजाऱ्याच्या छंदासाठी. बाई हसल्या. "चांगली शेजारीण मिळाली की त्याला."

मला मिळालाय, असं म्हणायला हवं होतं. सुचलं नाही वेळेवर.

२५ ऑगस्ट

चकत्या कापल्या. कापताना कडा स्वच्छ. पण हवेतला ओलावा पिऊन फुगतात—अप्पर हटचा हिवाळा! म्हणून हॉट वॉटर कबर्डमध्ये, गरम पाण्याच्या टाकीच्या उबदार कपाटात ठेवल्या, इडलीच्या पिठाशेजारी. तिथे पीठ फुगतं आणि पुठ्ठा सुकतो. गमतीदार कपाट.

३० ऑगस्ट, शनिवार

बार झाले. जळाल्या नाहीत! गवतात पडलेल्या चकत्या एका बाजूने काळ्या, दुसऱ्या बाजूने पांढऱ्या, कडा शाबूत. एखाददुसरी मात्र अजून गोळीला चिकटते.

नेव्हिल विचार करत बसला. मी म्हटलं, चपात्यांच्या मध्ये आम्ही बटर पेपर घालतो. त्याने माझ्याकडे बघितलं. मीही त्याच्याकडे बघितलं!

६ सप्टेंबर, शनिवार

सुती पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर बेकिंग पेपरची एक पातळ चकती, मग गोळी.

दहाच्या दहा कागदावर. एकही आडवी नाही. कागदाच्या चिंध्या नळीपुढे पाकळ्यांसारख्या पसरलेल्या. ट्रेव्हर लांबून चालत आला, वाकून चकती उचलली, बराच वेळ बघत राहिला. "नेव, हे कुठून मिळवलंस?" नेव्हिलने थरथरत्या बोटाने माझ्याकडे दाखवलं.

येताना गाडी त्याने मलाच चालवायला दिली. खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "जोन गेल्यापासून कुणी माझ्या एखाद्या प्रश्नावर इतके दिवस विचार केला नव्हता."

किती साधं वाक्य. मला पुढचा रस्ता धूसर दिसायला लागला.

२० सप्टेंबर

कागद गुंडाळायला मी आता तरबेज. भिजवायचा, दोन वेढे, शेपूट पिळायची, वाळवायचं. नेव्हिल अधूनमधून एखादी स्वतः करायला घेतो आणि अर्ध्यात सोडून देतो. आज तर भिंतीवर फेकली. मग सॉरी म्हणाला. तीनदा.

त्याचे हात वाढत चाललेत. म्हणजे थरथर. आठवड्यागणिक दिसते.

११ ऑक्टोबर, शनिवार

स्पर्धा! हाताला अजून दारूचा वास येतोय, पण आजच लिहायचं.

सकाळपासून नॉर्थवेस्टर, वायव्येचा सोसाट्याचा वारा. झेंडे फडफडत नव्हते, ताठ उभे होते. पाचशे यार्डांवरचं टार्गेट म्हणजे टाचणीचं डोकं. नेव्हिल चटईवर पालथा, पुढे कैचीसारख्या रोवलेल्या दोन काठ्या, त्यांवर रायफल. काठ्यांवर भार गेला की थरथर जरा लपते. मी शेजारी दुर्बिणीला. माझं काम वाऱ्याकडे बघायचं, आणि प्रत्येक बारानंतर ओलं कापड नळीतून फिरवायचं.

सुरुवातीच्या गोळ्या उजवीकडे भरकटल्या. चूक माझी होती, वारा मी कमी धरला. नंतर बसायला लागल्या. मग मध्येच त्याचा हात इतका हलायला लागला की बोट घोड्यावर ठरेना. त्याने बोट काढलं. कपाळ जमिनीला टेकवलं. मला वाटलं, संपलं. ट्रेव्हर मागून पुढे आला—मी हातानेच त्याला थांबवलं.

खूप हळू म्हटलं, नेव्हिल, घाई नाही. वारा पडू दे.

वाऱ्याशी काही संबंध नव्हता. त्यालाही माहीत होतं.

तो नुसता श्वास घेत पडून राहिला. मग मान वर केली. शेवटच्या पाच गोळ्या. दुर्बिणीतून बघत होते मी—एका भाकरीत मावतील अशा पाच! पाचशे यार्डांवर, त्या वाऱ्यात, त्या हातांनी.

चौथा आला. कप कुण्या मास्टरटनच्या माणसाला. नेव्हिलला फिकीर नव्हती. उठायला मी हात दिला, तर तो हात धरून तसाच उभा राहिला. "थँक यू" म्हणाला. पहिल्यांदाच. आजवर कायम स्वीट ॲज म्हणून निघून जायचा.

आम्ही दोघं आणि ट्रेव्हर. ट्रकवाल्याकडचे सॉसेज-ब्रेड. मी फक्त कांदा-ब्रेड. जगातलं सर्वांत छान जेवण.

१४ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी वंदना. खीर केली, कुंपणापलीकडे वाटीभर दिली.

नेव्हिल गॅरेज आवरत होता. रायफल ट्रेव्हरला द्यायची, कागदपत्रं सुरू केलीत. जोनचा पियानो भाचीला. घर ठेवायचं की नाही, त्याचा विचार डिसेंबरात. "बाबांना शेवटी भरवावं लागायचं. तशी वेळ मला कुणाच्या घरात येऊ द्यायची नाही."

माझ्याबरोबर आलेला जगदीश घरी येऊन कितीतरी वेळ सिंकमध्ये नुसतं पाणी सोडून उभा होता.

पण आज मन कृतज्ञ ठेवायचं ठरवलं होतं. ठेवते. नेव्हिल मिळाला, एवढी वर्षं मिळाला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सानिका आली! लेबर वीकेंडच्या जोडसुट्टीला. मिठी मारली, थोडी आखडलेली, पण मारली. भिंतीवरचा स्वतःचा फोटो बघून म्हणाली, "ओ माय गॉड मम, माझं नाक!"—"माझं" मराठीत. नाक इंग्रजीत असतं तरी चाललं असतं.

पंच, पुठ्ठे, सगळं आधीच कपाटात ठेवलं होतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहू दे.

दुपारी नेव्हिल आला, बागेतल्या रूबार्बचे आंबट देठ घेऊन. सानिकाने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. वर्षभराने बघत होती. तो किती वाळलाय हे आम्हाला रोज बघून दिसलंच नव्हतं.

"हलो, ट्रबल," म्हणाला. लहानपणापासून हेच म्हणतो. ती त्याच्या गळ्यात पडली.

मग चहा. तोच म्हणाला, "तुझ्या आईवर रागावू नकोस. ती माझ्यासाठी करत होती." सानिका म्हणाली की रागावले नाही, फक्त ती गोष्ट बघवत नाही. तो म्हणाला, "आता बघावी लागणारच नाही. देऊन टाकली." आणि खिशातून एक गोळी काढून टेबलावर ठेवली. दारू नाही, काही नाही, नुसतं शिसं. "यात भीतीसारखं काय, तेवढं तुला दाखवू का? नको म्हणालीस तर परत खिशात."

सानिकाने गोळीकडे बघितलं. मग म्हणाली, ओके.

तो कागद गुंडाळायला लागला. हात उडत होते. गोळी बोटांत फिरवली, मग अंगठा जिभेवर ओला करून कागदाला लावला. पुन्हा गोळी, पुन्हा जीभ. मी नेहमीसारखी ओरडले, अरे उष्टं काय करतोस, पाणी घे की वाटीत! मला ते कधीच बघवत नाही. माझी वाटी वेगळी असते.

सानिका हसली नाही.

"नेव्हिल, हे तू नेहमी करतोस?"

"पन्नास वर्षं."

"आणि गोळ्या? विकत आणतोस?"

"विकत? छे! स्वतः शिसं वितळवून ओततो."

"कुठे?"

"शेडमध्ये."

"दार उघडं ठेवून?"

"जुलैत? वेडी आहेस का?" मग हसून म्हणाला, जोन होती तोवर बाहेर कारपोर्टखाली ओतायला लावायची, आत करू द्यायची नाही. ती गेल्यावर शेडमध्येच चूल मांडली. ऊबही मिळते. हिवाळाभर दुपारी तिथेच बसतो, जेवणही तिथेच.

माझ्या पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने आधी गोळी त्याच्या हातातून काढून घेतली, पेपर टॉवेलमध्ये गुंडाळली, मग त्याला सिंकपाशी नेलं आणि स्वतः त्याचे हात साबणाने धुतले. लहान मुलाचे धुवावेत तसे. धुताना एकेक विचारत होती—पोट दुखतं? भूक? झोप? विसरतोस? राग येतो? तो प्रत्येकाला हो म्हणत होता. शेवटी म्हणाला, "अगं पोरी, पार्किन्सन्स आहे. बाबांना होता."

"कोणी सांगितलं? कोणत्या डॉक्टरने?"

नेव्हिलने टॉवेलला हात पुसले.

"नेव्हिल. कोणी?"

"मीच."

सानिका इंग्रजीत बरंच बोलली. सगळं मला कळलं असं नाही, पण सूर कळला. थेट कलावतीबाईंचा!

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सानिकाने रजा वाढवली. नेव्हिलला स्वतः त्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आधी फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं. डॉक्टरांनी म्हणे हातांच्या हालचाली, चालणं, सगळं तपासलं, आणि रक्त घ्यायला लावलं. इतकी वर्षं त्यांना गोळ्या ओततो हे याने कधी सांगितलंच नव्हतं. विचारलं तर म्हणतो, "त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

माझंही रक्त घ्यायला लावलं कार्टीने. शेडला बाहेरून कुलूप, किल्ली जगदीशकडे.

संध्याकाळी एअरपोर्टवर सोडायला गेलो. जाताना कानात म्हणाली, "मम, तू त्याच्याबरोबर बसलीस ते बरं केलंस. नाहीतर मी हे बघितलंच नसतं."

मी कारमध्ये बसून मग रडले. चांगलं रडले. नेव्हिल मागच्या सीटवरून म्हणाला, "रुमाल देऊ का?" आणि मग, "नको, सानिका ओरडेल, माझे हात लागलेत."

२ नोव्हेंबर

रिपोर्ट नाही. माझा आला, ठीक आहे. त्याचा नाही.

नेव्हिल पायरीवर बसून असतो. शेड बंद, करायला काही नाही. मी पोहे दिले. थोडे खाल्ले. दोघांनी मिळून वाटाणे सोलले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आला. रक्तात शिसं. खूप! हात त्यानेच थरथरतात, डॉक्टर म्हणाले. पार्किन्सन्स दिसत नाही. औषध सुरू करायचं, शेड साफ होईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. उतरेल. सावकाश, पण उतरेल.

नेव्हिल कुंपणापाशी कागद धरून उभा. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलणार. बराच वेळ आपल्या परसातल्या रिकाम्या वाफ्याकडे बघत होता. इथे सगळे लेबर वीकेंडला टोमॅटो लावतात. यंदा याने लावलेच नाहीत.

"आशा," म्हणाला, "टोमॅटोला फार उशीर झालाय का गं?"